तिसरा चमचा

नेरूळच्या त्या सभागृहाबाहेर शनिवार-रविवारी आधी बाटल्यांची रांग लागायची, मग माणसांची. सरबताच्या रिकाम्या बाटल्या, तेलाचे कॅन, कुणाच्या तरी पोराची वॉटरबॅग, असं सगळं जिन्यापासून फाटकापर्यंत ओळीने मांडलेलं असायचं आणि बाटलीचे मालक समोरच्या टपरीवर चहा पीत उभे असायचे. पुढची बाटली सरकली की मागच्याने आपली आणि शेजाऱ्याचीही सरकवायची. एवढी शिस्त ही मंडळी कॉलेजच्या ॲडमिशनच्या खिडकीपाशी पाळत नाहीत, हे मी दर वर्षी बघते.

आत स्टेजवर जलनाथ बापू. पांढरी लुंगी, पांढरा सदरा, नेटकी कापलेली दाढी, गालाला चिकटवलेला माईक. समोर टेबलावर पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यावर काचेचे पेले.

"हे तुमच्या नळाचं पाणी," बापूंनी एक पेला उचलला. "आणि हे हिमालयातल्या गुप्त कुंडाचं तीर्थ. दोन्हींत परीक्षेचे थेंब टाकतो. रंग बघा."

दोन्ही पेले हिरवे झाले.

"हिरवा म्हणजे हेल्दी! आता यात कलियुग टाकू या."

कलियुग एका छोट्या बाटलीत होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्यापर्यंत त्याचा वास आला. चायनीजच्या गाडीवर मिळतं ते साधं व्हिनेगर होतं. बापूंनी ड्रॉपरने नळाच्या पाण्यात थेंब सोडले. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं नारिंगी. बायकांनी "अगंबाई" केलं.

"हे तुमचं रक्त आहे! डॉक्टर काय म्हणतो? युरिक ॲसिड वाढलं. लॅक्टिक ॲसिड वाढलं. ॲसिडिटी वाढली. सगळ्या रोगांची आई कोण?"

"ॲसिड!" सभागृह ओरडलं.

"आणि ॲसिडचा बाप?"

"तीर्थ!"

मग तेवढेच थेंब तीर्थात. हिरवंच. आणखी थेंब. तरीही हिरवं. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी आलं. नळाचा नवा पेला त्याने जांभळा झाला, तीर्थ मात्र हिरवंच राहिलं. बापूंनी तो पेला दिव्यासमोर धरला आणि लोकांनी हात जोडले.

मी पेल्याकडे बघत नव्हते. मी बापूंचं मनगट बघत होते. डाव्या हाताने थेंब सोडायचा, उजव्या हाताने पेला गोल गोल फिरवायचा, पाणी काठाबाहेर एक टिपूस जाऊ द्यायचं नाही आणि डोळे रंगाच्या पातळीवर आणून बघायचं. हे मनगट हिमालयात तयार होत नाही. ते प्रयोगशाळेत, थेंब सोडणाऱ्या ब्युरेटच्या नळीखाली वर्षानुवर्षं उभं राहून तयार होतं. ती पांढरी चादरसुद्धा पावित्र्यासाठी नव्हती. रंग नीट दिसावा म्हणून आम्ही फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवतो, तिच्याऐवजी होती.

मी जैनब मुकादम. नेरूळमधल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. असल्या सभांना मी जात नाही. उरणला माझी मावशी फुंकलेलं पाणी पिऊन बीपीच्या गोळ्या चुकवते, तिच्याशी भांडण्यातच माझा जीव मेटाकुटीला येतो. पण माझी विद्यार्थिनी उत्कर्षा जाधव आदल्या दिवशी प्रॅक्टिकल सोडून माझ्यासमोर येऊन रडली होती.

"मॅडम, पप्पांनी डायलिसिस बंद केलंय. मागच्या रविवारपासून. मम्मी पण त्यांच्याच साइडला आहे. तुम्ही एकदा येऊन बघा ना, प्लीज."

आता ती माझ्या शेजारी बसली होती. बापूंनी पेला उंच धरला तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मॅडम, खरंच रंग बदलत नाहीये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. याच पोरीने मागच्या सत्रात माझ्यासमोर हाच प्रयोग केला होता. हेच पेले, आम्ल ओळखायचे हेच थेंब, हाच हिरवा रंग. पूर्ण गुण घेतले होते. परीक्षेसाठी शिकलेलं परीक्षेतच सोडून यायचं, ही आपली जुनी रीत. तिच्यावर ओरडून काय होणार होतं? मी म्हटलं, "घरी चल. मला तुझ्या पप्पांना भेटायचंय."

शहाजी जाधव मूळचे साताऱ्याकडचे, खटावचे. वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. बटाट्याच्या गोणी वाहण्यात उभी हयात गेलेली. एलआयजी वसाहतीतल्या त्यांच्या बैठ्या घरात ते कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, पण मी दिसताच उठायला गेले.

"या म्याडम, बसा. सत्यभामा, चा टाक गं. आमच्या पोरीच्या म्याडम हायती."

मी चहाचं राहू द्या म्हटलं आणि सरळच विचारलं, की डायलिसिस का सोडलंत?

खिडकीतला स्टीलचा लहान पेला त्यांनी मला दाखवला. "ह्यो बगा. डाक्टरनं दिवसाला असलं दोन-तीन प्येलं पानी ठरवून दिलं व्हतं. दोन-तीन! आवं, कैद्याला बी पोटभर पानी मिळतं. मला माज्या घरात मिळंना. जिभंला चिरा पडायच्या. रात्री पोरगी झोपली का बघायचो आन् बेसिनचा नळ चाटायचो, कुत्र्यावानी." त्यांनी पेला उपडा घातला. "बापू म्हन्ला, पी. पोटभर पी. डाक्टरच म्हनत व्हता ना, रक्तात आम्ल वाढलंय? मंग ह्ये पानी आम्ल खातंय, माज्या डोळ्यानं बघितलं मी. खोटं कसं म्हनू?"

डॉक्टर खरंच बोलले होते. मूत्रपिंड निकामी झालं की रक्तात आम्ल साठतं. बापूंनी डॉक्टरचंच अर्धं वाक्य उचललं होतं आणि त्याला पाणी जोडलं होतं. तहानलेल्या माणसाला पाणी जोडून दिलं तर तो पुढचं कशाला ऐकेल?

सत्यभामाताईंनी तीर्थाचा तांब्या आणला. तांब्याच्या काठाला पाणी वाळून पांढरी पुटं धरली होती. त्यांनी ती नखाने खरवडली, चिमूटभर शहाजींच्या कपाळाला लावली आणि उरलेली त्यांच्या जिभेवर ठेवली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अंगारा हाय," त्या म्हणाल्या. "तीर्थ वाळलं की आपसूक येतो. बापू म्हनत्यात ही जलविभूती. सगळी जनं घेत्यात. आन् ह्यी तुळस बगा. पैलं जीव धरत न्हवती. तीर्थाचं खरकटं घालते, तर कशी तरारलीया!"

रंगाच्या डब्यात लावलेली तुळस दारात तरारली होती, हे खरंच. हिमालयातलं पाणी वाळून तांब्यावर मिठासारखं पूट का धरतं, असा प्रश्न त्या रांगेतल्या एकालाही पडला नव्हता. प्रश्न पडायच्या आधीच बापू त्याला नाव देऊन मोकळे झाले होते. मी एका बाटलीत तीर्थ मागून घेतलं, कागदात थोडी जलविभूती घेतली आणि उत्कर्षाला घेऊन कॉलेजात गेले.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते. आधी पीएच मीटर लावला. बरोबर सात. उत्कर्षाने शेजाऱ्यांकडून गेल्या महिन्यातलं थोडं तीर्थ आणलं होतं. तेही बरोबर सात.

"कुंडाचं पाणी दर खेपेला इतकं अचूक येतं?" मी म्हटलं.

मी तारेवर जलविभूतीचा कण घेऊन ज्योतीत धरला आणि तिच्या हातात निळी काच दिली. "बघ. कोणता रंग?"

"जांभळट." तिचा चेहरा उतरला. "पोटॅशियम, मॅडम."

मग परीक्षानळीत नायट्रिक आम्ल, अमोनियम मॉलिब्डेट आणि तीर्थ घालून तिने गरम केलं. तळाला पिवळाधमक साका बसला. फॉस्फेट.

उत्कर्षा स्टुलावर बसली. "हा आपला बफर आहे," ती हळूच म्हणाली. "फॉस्फेट बफर. थोडं आम्ल घाला, थोडा सोडा घाला, पीएच हलत नाही. मी स्वतः बनवलाय हा, मॅडम. आणि मी सकाळी हात जोडले त्याला."

"हात जोडलेस ते राहू दे. गणित कर. पीएच सात आहे. फॉस्फेटचा पीकेए सात पॉइंट दोन. क्षार आणि आम्ल यांचं प्रमाण?"

"लॉग उणे पॉइंट दोन... म्हणजे पॉइंट सहा." तिने डोळे पुसले आणि ब्युरेट भरली. थोड्या वेळाने द्रावणाची तीव्रता मोजून म्हणाली, "एकूण मोलॅरिटी पॉइंट वन. एका पेल्यातला क्षार घरच्या व्हिनेगरचे दोन चमचे कसेबसे झेलेल. तिसऱ्या चमच्याला काही उरणार नाही."

"आणि पोटॅशियम?"

तिने पेन टेकवलं आणि उचललंच नाही. उत्तर तिला कळलं होतं. एका पेल्यात दोन-तीन केळ्यांइतकं पोटॅशियम. मूत्रपिंडाच्या रोग्याला डॉक्टर केळं आणि नारळपाणी बंद करतात, कारण साठलेलं पोटॅशियम काळीज बंद पाडतं. शहाजी ते पोटभर पीत होते. वर तांब्याची खरवड जिभेवर घेत होते.

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "एक तास घालवू नका. आत्ताच्या आत्ता आणा," ते म्हणाले.

आम्ही घर गाठलं. मी शहाजींच्या कॉटपाशी खाली बसले आणि त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "मार्केटात ट्रक आला की काय होतं? तुम्ही मंडळी उभी असता. गोण पाठीवर घेता. जोवर पाठ रिकामी आहे, तोवर एकही गोण जमिनीवर पडत नाही. बघणाऱ्याला वाटतं, माल आलाच नाही. पण सगळ्यांच्या पाठी भरल्या की?"

"म्होरली गोन खाली पडती," शहाजी म्हणाले.

"या पाण्यात तशीच एक पूड आहे. ती आम्ल पाठीवर घेते. थेंब थेंब टाकले तर झेलते. चमच्याने टाका, पाठी भरतील आणि रंग बदलेल. त्यात चमत्कार नाही. तुमच्या रक्तातलं आम्ल तर त्याने जातच नाही आणि त्या पुडीतलं पोटॅशियम तुमच्या काळजावर बसलंय. आत्ता दवाखान्यात चला."

शहाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवली. "म्याडम, तुमी शिकल्याल्या. पन तुमी म्हन्ता म्हून बापूला खोटं ठरवू? उद्या त्याच्याम्होरं घाला चमचं. रंग बदलला तर मी आपल्या पायानं दवाखान्यात येतो. मुलीची शपत."

"पप्पा, उद्या नाही! आत्ता!" उत्कर्षा ओरडली.

"पाय जड झाल्यात गं. आज निजू दे मला."

सत्यभामाताईंनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रंग बदलायचा न्हाई, म्याडम. मी रोज बगते." उत्कर्षाने शपथ घालून पाहिली, रडून पाहिलं, मी डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. माणूस हलला नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला उचलून नेता येत नाही, असं रुग्णवाहिकावालाही म्हणाला.

रविवारी मी पहिल्याच रांगेत होते, शहाजी मागे बायको-पोरीच्या मध्ये. बापूंचे थेंब संपले तशी मी स्टेजवर चढले. पिशवीत घरच्याच व्हिनेगरची बाटली आणि चहाचा चमचा.

"बापू, थेंब पुरे झाले. आज चमच्याने घालून बघू."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे. माईकवर गोड हसले. "ताई, तुमच्यात तीर्थ मानत नाहीत. मग हात कशाला लावता?"

खाली हशा पिकला. मी म्हटलं, "आमच्यात फुंकलेलं पाणी मानतात. त्याच्याशीही मी भांडते. काल कुणीतरी ओरडलं ना, ॲसिडचा बाप तीर्थ? मग बाप एका चमच्याला का घाबरतो?"

हशा थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "घालू द्या की! कळेल तरी." बापूंना नाही म्हणता येईना. मी पहिला चमचा घातला. हिरवा पोपटी झाला. दुसरा घातला. पिवळा. तिसरा घातला आणि पेला नारिंगी झाला. बापूंच्याच भाषेत, कलियुगाचा.

पण बापू अशा वेळेला तयारच असावेत.

"बघितलंत?" त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं. "तीर्थ नाही बदललं. हात बदलला! अश्रद्धेच्या हातात अमृतसुद्धा विष होतं. मॅडमनी स्वतःच सिद्ध करून दाखवलं!"

आणि टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या. मी जन्मात एवढी चरफडले नसेन. समोर रंग बदललेला दिसत होता आणि त्याच रंगासाठी ते बापूंना टाळ्या देत होते.

त्या टाळ्यांत एक खुर्ची कुरकुरली. शहाजी उठले होते. एका हाताने उत्कर्षाला, दुसऱ्या हाताने सत्यभामाताईंना धरून ते पायऱ्या चढले. एका पायरीवर थांबावं लागलं. श्वास पुरत नव्हता.

"बापू, माजा हात घ्या. माजी श्रद्धा हाय. माज्या हातानं घालतो."

बापू गडबडले. "दादा, तुम्ही आजारी. तुम्ही बसा..."

"तुमीच म्हन्ला ना, हात बदलला? ह्यो तुमच्याच मानसाचा हात हाय."

नवा पेला भरला. शहाजींच्या हातातून थोडं व्हिनेगर चादरीवर सांडलं. एक चमचा. दोन चमचे. तिसरा घालायच्या आधी त्यांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. मग घातला. पेला नारिंगी झाला.

या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"म्याडम, ह्यात काय हाय?" शहाजींनी विचारलं.

"पोटॅशियम फॉस्फेट. शेतीच्या दुकानात मिळतं ते झिरो बावन्न चौतीस म्हणजे हेच. त्यात थोडा कॉस्टिक पोटॅश घालून पीएच सातावर आणायचा, झालं तीर्थ. तुळस उगीच नाही तरारली."

"झिरो बावन्न?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आमचा भाऊ गावाकडं डाळिंबावर मारतो त्ये?" मग बायकोकडे वळले. "ऐकलंस? खत पाजत व्हतीस मला." राग नव्हता त्यात. दमले होते फार. "चल पोरी. दवाखान्यात."

लोक उठले, ओरडाआरडा सुरू झाला. कुणी टेबल ढकललं, कुणी बाटल्या जिन्यावरून खाली फेकल्या. त्या गोंधळात बापू माझ्या शेजारून जाताना थांबले. माईक बंद केला होता.

"मोलॅरिटी किती काढलीत, मॅडम?"

"पॉइंट वन."

"करेक्ट," ते म्हणाले. एखाद्या सहकाऱ्याने म्हणावं तसं. मग मागच्या दाराने निघून गेले. तळोज्यातल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत हा सुधीर नावाने नोकरीला होता, हे पुढे पोलिसांच्या तपासात कळलं. बफर बनवणं हेच त्याचं रोजचं काम होतं. अडाणी माणसाने फसवलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. याला माहीत होतं. पेल्यात काय आहे, ते कुणी पिऊ नये, रांगेत कोण कोण उभं आहे, सगळं माहीत होतं.

शहाजी आपल्या पायाने दवाखान्यात गेले. दिलेला शब्द त्यांनी पाळला. डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि धावाधाव सुरू केली. इंजेक्शनं दिली, डायलिसिसचं मशीन जोडलं. पण दुपारीच त्यांचं काळीज थांबलं. पुन्हा सुरू झालं नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काल आणलं असतं तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

मला वाटलं होतं, निदान आता तरी लोकांचे डोळे उघडतील. काय उघडतायत! संध्याकाळपर्यंत वस्तीत बोलणं सुरू झालं होतं: तीर्थात ॲसिड घातलं आणि त्याच दिवशी माणूस गेला. इतके दिवस पीत होता तेव्हा होता ना जिवंत? कार्याच्या दिवशी एक बाई माझ्यादेखत सत्यभामाताईंना म्हणाली, "परीक्षा बघू नये गं देवाची. कुणाच्या नादी लागलात?" आणि माझ्याकडे बघून पदर सावरला. फेकलेल्या बाटल्या गोळा करून कुणी कुणी पुन्हा घरी नेल्या होत्या, तेही मी पाहिलं.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा नोंदला, पाण्याचे नमुने गेले, बापूंना अटक झाली, मग जामीन झाला. आणि काही महिन्यांत उरणजवळच्या द्रोणागिरीला गोदामांच्या रस्त्यालगत नवा मंडप लागला. नवं नाव, नवी दाढी, तेच पेले. पोलिसांना कळवायच्या आधीच उत्कर्षाने मला व्हिडिओ दाखवला. त्यात बापू सांगत होते, "नेरूळला एकाने या तीर्थाची परीक्षा पाहिली. तिसरा चमचा घातला. सूर्य मावळायच्या आत तो गेला!"

शहाजींचं मरण त्याने आपल्या जाहिरातीला लावलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाताई उत्कर्षाबरोबर प्रयोगशाळेत आल्या. सकाळपासून रडत असाव्यात. "म्याडम, मला त्ये पानी करायला शिकवा," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना तराजूपाशी उभं केलं. पूड तोलायची कशी, आधी थोड्या पाण्यात विरघळवायची, मग कॉस्टिक जपून, थेंबाथेंबाने घालायचा, मीटर सातावर आला की थांबायचं आणि मगच फ्लास्कवरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. हे सगळं मी शिकवलं, त्यांनी दोनदा करून पाहिलं. हिरव्या पेल्यात स्वतः थेंब टाकले. रंग बदलला नाही तशी त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. "येवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "येवढ्यासाठी ग्येले त्ये?"

आम्ही द्रोणागिरीच्या पोलिसांना आधी सांगून ठेवलं आणि रविवारी तिघीही मंडपात जाऊन बसलो. बापूंनी नेरूळची गोष्ट रंगवली. सूर्य मावळायच्या आत, यावर आवाज चढवला. तेव्हा सत्यभामाताई उठल्या.

"त्ये माजं मालक व्हते."

मंडप वळला. बापूंनी माईक हाताने झाकला. त्या स्टेजपाशी गेल्या, पदराच्या गाठीतून चमचा काढला आणि बापूंचीच कलियुगाची बाटली उचलली.

"माई, दुःखात आहात," बापू म्हणाले. "पापाचा हात लावू नका तीर्थाला."

"पापाचाच हाय हात," त्या म्हणाल्या. माईक नव्हता, तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं. "ह्या हातानं रोज तुजं पानी पाजलं मी त्यास्नी. ह्या हातानं तांब्याची खरवड जिभंवर ठ्येवली."

एक चमचा. दोन चमचे. तिसरा. पेला नारिंगी झाला. त्यांनी तो उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला, मग पिशवीतून स्वतः बनवलेल्या पाण्याची बाटली काढली, दुसऱ्या पेल्यात ओतली. बापूंच्याच बाटलीतले परीक्षेचे थेंब टाकले. हिरवं. व्हिनेगरचे थेंब टाकले. हिरवंच. "ह्ये मी क्वालेजात क्येलंय. डाळिंबाच्या खताचं. मी बी बापू झाले का?"

कुणी हसलं नाही. त्या पायरीवर बसल्या.

"सूर्य मावळायच्या आत मरतं ना मानूस? मी बसते हितं. ज्याला बगायचं त्यानं थांबा."

बापू थांबले नाहीत. ते निघाले, पण मंडपाबाहेर पोलीस उभे होते. लोक मात्र थांबले. आधी कुतूहलाने, मग संकोचाने. एका म्हाताऱ्याने सत्यभामाताईंना पाणी आणून दिलं, साधं नळाचं. त्या प्यायल्या. दुपार झाली, कंटेनरचे ट्रक जात राहिले, मंडपवाल्याने खुर्च्या उचलायला सुरुवात केली. त्या बसूनच होत्या. उन्हं कलली, सूर्य बुडाला, रस्त्यावरचे दिवे लागले. सत्यभामाताई उठल्या, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि पोरीचा हात धरून घरी निघाल्या. रांगेत ठेवलेल्या बाटल्यांपैकी बऱ्याच तिथेच राहिल्या. सगळ्या नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला कुणी थेंबांचा चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी चमचा मागा, आणि तो स्वतःच्या हाताने घाला. घालू देत नसेल तर उठून घरी या. डॉक्टरने ठरवून दिलेलं औषध घ्या, डायलिसिसचा दिवस चुकवू नका. आणि घरातला माणूस तहानेने नळ चाटत असेल तर त्याच्या शेजारी बसा, त्याच्या ओठाला ओला कपडा लावा, त्याला एकटं सोडू नका. त्याच्या तहानेवर डोळा ठेवून असलेला कुणीतरी बाहेर पेले पुसत उभा असतो.